शेजारच्या खड्ड्यातली माती

ज्येष्ठातल्या अमावास्येला आमच्याकडे घरात मातीचे बैल करतात आणि देवापुढे मांडतात. बेळगावच्या बाजूला हे कुणाला सांगावं लागत नाही. बंगळुरात सांगावं लागतं, आणि माती विकत घ्यावी लागते. कुंभाराने घमेलंभर मातीचा जो भाव सांगितला तो ऐकून मी त्याला चार शब्द सुनावले आणि रिकाम्या हाताने परत आलो. नात सात वर्षांची, नातू पाचचा. दोघं दारातच उभी.

"आज्जा, माती?"

आमच्या घराला लागून असलेल्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणत होते. महिनाभर मशीन घरघरत होतं. खाली साठणारं पाणी एक पंप सतत ओढून गटारात सोडत होता. मुकादम विजापूरकडचा, त्याला मराठी कळायचं. तो म्हणाला, "पाहिजे तेवढी न्या अण्णा. टाकायला जागा नाही." मी दोन बादल्या भरून आणल्या आणि त्या कुंभाराला मनातल्या मनात हसलो.

माती काळी होती, लोण्यासारखी मऊ. गच्चीवर जुनी चादर अंथरून आम्ही तिघं बसलो. मी मुलांना दाखवलं की पाय वेगळे करून चिकटवायचे नाहीत, त्याच गोळ्यातून ओढून काढायचे. मग पाठीवर चिमूट काढून वशिंड. शिंगांना खराट्याच्या काड्या.

"हा बैल आहे की उंदीर?" मी नातवाला विचारलं.

"बैलच आहे. बसलाय तो."

नात माती मळताना काहीतरी निवडून बाजूला ठेवत होती. तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख. ते तिने आपल्या बैलाच्या गळ्यात एकेक दाबून बसवले. "घुंगरं! छान दिसतात ना?"

माझे हात थांबले. लहानपणी आम्ही बैलांची माती गावच्या तळ्यातून आणायचो, उन्हाळ्यात ते आटलं की. असाच रंग, असाच चिकटपणा, आणि असेच शंख. बंगळूरची माती तांबडी असते, हातात धरली की मोकळी होते. ही तळ्याच्या तळाची माती होती आणि ती माझ्या कंपाउंडच्या भिंतीला खेटून निघाली होती. भिंतीच्या अलीकडे, घराखाली, दुसरं काय असणार?

मी या शहरात पत्र्याची ट्रंक घेऊन आलो. स्टीलची भांडी दारोदार विकली, मग राजाजीनगरात दुकान टाकलं. हेब्बाळकडचं हे घर ओळखीतल्या एका माणसाकडून घेतलं. त्याचं घराणं तीन पिढ्या बंगळुरात. त्याच्या बैठकीत मी भाव पाडत गेलो, शेवटी तावातावाने उठून चपला घातल्या, तेव्हा त्याने मागून हाक मारली, "सरी, ठीक आहे, तुमचा भाव." ही गोष्ट मी लग्नाकार्यात किती वेळा सांगितली असेल! इतक्या लवकर कुणी हाक मारत नाही, हे मला भांड्यांच्या धंद्यात पक्कं ठाऊक होतं. घराच्या वेळी आठवलं नाही.

मी गच्चीवरूनच त्याला फोन लावला.

"तिथे तळं होतं?"

"अहो, किती वर्षं झाली. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं!"

"सरी, ओरडू नका. तुम्ही भाव विचारलात, जमीन कुठे विचारलीत?"

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अजून मी त्याला माफ केलेलं नाही.

घरात कुणाला सांगितलं नाही. मुलगा ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होता, आणि मला कुणी फसवलं हे सुनेसमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नात गच्चीवरून रडत आली. सुकायला ठेवलेल्या बैलांचे पाय गळून पडले होते, तिच्या बैलाच्या पोटावर आडवी भेग गेली होती.

"का फुटला आज्जा?"

"पाणी गेलं की ही माती आखडते," मी म्हणालो, आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं. खाली पंप चालूच होता.

मुलांची खोली खड्ड्याच्या बाजूला. तिथल्या भिंतीवर त्यांची रंगीत कागदाची फुलपाखरं एका ओळीत चिकटवलेली होती, खालून खिडकीपर्यंत तिरकी. इतके दिवस मला ती सजावट वाटली. मी एक फुलपाखरू ओढलं. मागच्या भेगेत माझ्या बोटाचं पेर गेलं.

"महिना झाला," सून मागून म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"मामंजी, नळ गळतो एवढं म्हटलं तर दोन दिवस जेवला नव्हतात. या घराला नाव ठेवलेलं तुम्हाला चालतं का?"

मी ओरडायला तोंड उघडलं. नातू आईच्या मागे सरकला. ते बघून मी आवाज खाली आणला.

"मी फसलो," मी म्हणालो. "खाली तळं आहे. पोरांना घेऊन आजच्या आज जा."

तिने लगेच मुलांची दप्तरं उतरवली, कपडे भरले. तासाभरात रिक्षा दारात आली आणि ती मुलांना घेऊन के. आर. पुरमला माहेरी गेली. मी खड्ड्यापाशी गेलो आणि मुकादमाला म्हटलं, "पंप बंद कर."

तो हसला. "बंद केला तर पाणी कुठे जाणार अण्णा? तुमच्याच घराखाली."

"आणि चालू ठेवला तर?"

मी आमच्या घराच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहत होतो, म्हणून त्यानेही पाहिलं. आतली भेग आता बाहेरूनही दिसत होती. मग खड्ड्याच्या काठाशी जाऊन त्याने खाली काम करणाऱ्यांना कन्नडमध्ये हाक मारली. त्या भिंतीजवळचं काम तसंच सोडा, म्हणाला, आणि वर या.