शेळीचे नाव

१४ मार्च १९९५, सकाळी आठ. दिंद्रुडात आगीने घर गेलेल्या कुटुंबासाठी आमची समिती देवळात मदत घेत होती. त्या घरातली आई भाजून दवाखान्यात होती आणि तिचे तान्हे बाळ देवळातच भुकेने रडत होते.

एक अनोळखी धनगर म्हातारी आपली दुभती शेळी घेऊन आली. अध्यक्षांनी तिला अडवले.

"आधी फळ्यावर देणाऱ्याचे नाव."

"माझं कावून? दूध शेळी देती. तिचं लिव्हा की!"

लोक हसले, पण अध्यक्ष हटले नाहीत. त्यांच्याकडे न पाहता तिने पदराने सड पुसले आणि बाळासाठी धार काढली.

अशा निर्लज्ज समितीचा मी चिटणीस होतो. मी अध्यक्षांच्या हातातला खडू हिसकावून फेकला.

शेळी तिथेच ठेवून म्हातारी निघून गेली. संध्याकाळी मी शेळीला बाभळीचा पाला घातला.