राहिलेली हातभेट

हिरडीटोल्यात पाणी शिरले ते दरोडेखोरासारखे नव्हे, पाहुण्यासारखे आले. आधी ओसरीवर टेकले, मग माजघरात गेले, मग देवघरात डोकावले, आणि पुढे उठायचे नावच घेतले नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तलाव खोदले, पाळी म्हणजे तलावांचे बांध घातले, पाण्याला बसायला जागा दिली, त्या कोहळी समाजाच्या गावाला धरणाच्या पाण्याने पोटात घेतले. देवा, तुझे गणित तुझ्यापाशी. माणसे नव्या वसाहतीत आली, गुरे आली, भांडी आली, देवही टोपलीत बसून आले. भिंती मात्र कोण आणतो?

एकाने आणल्या. उमराव डोंगरवार त्याचे नाव.

हिरडीटोल्याची एक रीत होती. लेक लग्न होऊन निघाली की दाराच्या उजव्या अंगाला, मातीच्या भिंतीवर, हळदीने भरलेला हात उठवायची. पुढे पहिल्यांदा माहेरी आली की उंबरा ओलांडण्याआधी पुन्हा हळद घ्यायची आणि त्याच ठशावर हात ठेवायची. याला हातभेट म्हणत. हातभेट झाल्याशिवाय लेक आत पाऊल टाकत नसे, आणि दारात उभी असलेली आईसुद्धा तोवर ‘ये’ म्हणत नसे. पहिला हात आणि दुसरा हात एकावर एक तंतोतंत कधी बसत नाहीत. बोटांना दुहेरी कड येते. त्या दोन कडांमधल्या दोऱ्याएवढ्या जागेत त्या बाईचे सारे सासर मावलेले असायचे.

धरणाचे दरवाजे पडण्याआधी उमरावने हातकरवत घेतली, घराघरातून ते ठसे भिंतीच्या पापुद्र्यासकट कापून काढले, सुपात भाताचे तणस अंथरून त्यावर निजवले आणि बैलगाडीत घातले. लोक हसले.

“उमराव, भिती कायले नेऊन राहिलास गा? घर तं सरकार देऊनच राहिलं.”

“घर सरकार देईल,” उमराव म्हणाला. “लेकी वापस आल्या तं हात कोठं ठेवतीन?”

त्या सुपांचे पुढे संग्रहालय झाले. अर्जुनी मोरगावच्या वाटेवर, वसाहतीच्या टोकाला, जिथून समोर धरण आणि मागे प्रतापगडाचा डोंगर दिसतो तिथे, तीन खोल्यांचे हिरडीटोला स्मृती संग्रहालय. पहिल्या खोलीत नांगर, कोठ्या, जुनी छायाचित्रे. दुसऱ्या खोलीत गावाचे दप्तर, तांबड्या फडक्यांत बांधलेले. आणि तिसऱ्या खोलीत, लाकडी तबकांत, गावाच्या लेकींचे हात.

या सगळ्याची राखण वच्छला कापगते करते. पाटीवर ‘अभिलेखपाल’ असे लिहिले आहे. वसाहतीत तिला ‘हातवाली बाई’ म्हणतात. उमरावच्या हाताखाली ती शिकली. दप्तरात कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाची पूड कशी ठेवावी, फडके किती घट्ट बांधावे, प्रत्येक तबकाचे पत्रक कसे लिहावे: घर कुणाचे, लेक कुणाची, कुठे दिली, हातभेट झाली की नाही. उमरावचे दोन नियम तिने देवाच्या नेमासारखे पाळले. एक, ठशाला उघड्या हाताने कधी शिवायचे नाही. दुसरा, संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तिसऱ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणायचे, “बाई हो, निजा आता.” म्हातारा गेला, पण वच्छलेची एकही संध्याकाळ त्या वाक्यावाचून गेली नाही.

वच्छलेचा स्वतःचा हात त्या खोलीत नाही. तिचे लग्न वसाहतीत झाले, सिमेंटच्या भिंतीच्या घरातून सिमेंटच्या भिंतीच्या घरात. तोवर रीत पाण्याखाली गेली होती. नवरा गेल्यावर तिने माहेरचे कापगते नाव पुन्हा लावले आणि ती इथेच रमली. पण ती इथे का रमली हे खिडकीजवळचे तबक जाणते. त्यात तिच्या थोरल्या बहिणीचा, जमुनेचा हात आहे.

जमुनेला देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बाजूला दिले होते. जावई वीटभट्टीच्या कामावर, आज या गावी, उद्या त्या गावी. ती निघाली त्याच वर्षी पाणी चढले. पत्र लिहिणारीचा पत्ता रोज बदलत होता, आणि पत्र ज्या गावी यायचे ते गावच जागेवर नव्हते. शोध घेतला, निरोप पाठवले, देवरीच्या बसवाल्यांना सांगून ठेवले. आईबाप वाट पाहतच गेले. खोलीतल्या बाकी सगळ्या ठशांना दुहेरी कड आहे. जमुनेच्या ठशाला एकच. पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात उमरावच्या अक्षरात लिहिले आहे: हातभेट झाली नाही.

आता जे सांगायचे ते वच्छलेने कुणाला सांगितले नव्हते.

उमराव हयात असताना एका चैत्रात, पाखरांनीही चोच उघडी ठेवावी अशा उन्हात, दूर दिलेल्या चंदाबाईचा ठसा ओला झाला. छप्पर कोरडे, भिंत कोरडी, शेजारची तबके कोरडी. ओल मनगटापासून चढली, तळव्यात आली, बोटांच्या टोकांना थेंब धरले. उमरावने पुसले नाही. तो तबकाशी मांडी घालून बसला आणि म्हणाला, “लेक माहेराची आठवण काढून राहिली.” निरोप नंतर आला. चंदाबाई त्याच दुपारी गेली होती. पुढे उमरावच्या मागे दुर्गेश्वरीचा हात तसाच पाझरला, भर वैशाखात, आणि देवरीच्या बसने तिचा पुतण्या तोंड पाडून उतरला.

तेव्हापासून वच्छला रोज सकाळी कुलूप काढते, इतर कुठे न पाहता खिडकीकडे जाते आणि तबकावर वाकते. कोरडा. म्हणजे आहे. कुठेतरी चूल पेटवत असेल, कुणावर तरी ओरडत असेल, पण आहे. ज्या बहिणीचे एक पत्र नाही तिची ही रोजची खुशाली. देव कुणाला मूर्तीत भेटतो, कुणाला नामात. वच्छलेला तो कोरड्या मातीत भेटत होता.

आणि ती माती आता झडू लागली होती. तबकात रोज पिवळसर पूड साचे. जमुनेची करंगळी तर गेल्या पावसाळ्यानंतर गळूनच पडली. संग्रहालयाच्या समितीने नागपूरहून आचल नावाची मुलगी बोलावली, जुन्या भिंतींची चित्रे वाचवणारी. कामात शांत, बोलण्यात गोड. तिने भिंगातून प्रत्येक ठसा पाहिला, छायाचित्रे काढली आणि सांगितले, “वच्छलाताई, पावसाच्या आत यांच्यावर द्रावण चढवलं नाही, तर पुढच्या वर्षी तबकात नुसती माती उरेल.”

“द्रावण चढवल्यावर कसे राहतील?”

“घट्ट. तुमच्या-माझ्यानंतरही राहतील.”

“आणि आतून ओल आली तर?”

आचल हसली. “येणारच नाही. मातीची छिद्रं बंद होतात. आतलं आत, बाहेरचं बाहेर.”

वच्छलेच्या हातातला कुंचला थांबला. हात राखावा तर खबर जाते. खबर राखावी तर हात जातो. त्या रात्री तिने देवापुढे वात लावली, पण मागायचे काय हे तिला उमजेना.

काम सुरू झाले. समितीचे अध्यक्ष भैयाजी, ऐंशीच्या घरातले, रोज काठी टेकत येत आणि दारात खुर्ची टाकून बसत. वच्छला एकेक तबक आचलपुढे ठेवी. खिडकीजवळचे तबक मात्र मागे मागे राही.

“ते काऊन देऊन नाई राहिलीस वो?” भैयाजींनी विचारले.

“देतो ना. शेवटी देतो.”

“तुही जमुना लहानपणीबी अशीच. जेवाले शेवटी, खेळाले पहिली.” भैयाजी हसले.

शेवटचा दिवस आला. खोलीतले सारे हात चकाकत होते, काचेखाली ठेवल्यासारखे. दुपार अशी तापली होती की पत्र्यावर कावळा टेकत नव्हता. आचलने द्रावण ढवळले, वच्छलेने हातमोजे घातले आणि जमुनेचे तबक उचलायला ती वाकली.

मनगट काळे पडले होते.

तिच्या डोळ्यांदेखत ओल तळव्यात चढली. भाग्यरेषेतून चढली, चार बोटांत गेली. आणि जिथे करंगळी नव्हती, जिथे नुसता खड्डा होता, तिथेही एक बारीक ओली रेघ करंगळीच्याच वळणाने वर सरकली आणि थांबली.

“हे कुठून आलं?” आचलने वर पाहिले, भिंत चाचपली, खिडकीची चौकट पाहिली. ओल मोजायचा कागद तिने कडेला लावला. तो क्षणात भिजला. “ताई, हिच्यावर आज द्रावण नाही चालणार. ओल्यावर दिलं तर पांढरं पडून जाईल. आणि आता हलवूही नका. एवढी भिजलेली माती हाताळली तर सुटेल.”

वच्छलेने ऐकले की नाही कोण जाणे. ती जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. ओठ हलत होते. ‘जमे, कोठं आहेस? तोंडात पाणी घालाले कोणी आहे का जवळ?’

ऊन उतरले तेव्हा मंगरू ढिवर जाळे खांद्यावर टाकून अंगणात आला. उन्हाळ्याने धरणाचे पाणी खाली गेले होते. जुन्या गावची जोती उघडी पडली होती आणि त्यांच्यामधल्या डबक्यांत तो मासळी धरायचा.

“वच्छलाबाई, तुमच्याकडे कोणी पाहुणी आली का?”

“नाही. काऊन?”

“दुपारी एक बाई बुडीत गावातून फिरून राहिली होती. मले विचारते, कापगत्याईचं दार कोठं गेलं? मी म्हटलं, दार कायचं वो, जोतं आहे, ते पाहा. तिथं गेली, उभी राहिली, उजवीकडे हात फिरवला हवेत. मग म्हणते, भित नाही. मी म्हटलं, भिती तं वर संग्रहालयात आहेत. जाळं ओढून पाहतो तं बाई नाही.”

भैयाजी खुर्चीत सरळ झाले. वच्छलेचा आवाज कुठून तरी खोलातून आला. “म्हातारी होती?”

“म्हातारी कायची? पोरगी होती. पिवळं लुगडं, बाशिंगाचा दोरा कपाळाले तसाच. लगनातून उठून आल्यावानी.”

दूर पाळीवर टिटवी ओरडत गेली.

वच्छला उठली. तिने हातमोजे काढून ठेवले. खिडकीजवळचे तबक दोन्ही हातांनी, देवाचे ताट उचलावे तसे उचलले.

“ताई, सुटेल ती,” आचल पुढे झाली. “इतकी वर्षं सांभाळलीत. एका रात्रीसाठी?”

“हातभेट झाल्याबिगर ती आत येणार नाही, पोरी. उंबऱ्याच्या बाहेरच राहील. आणि आत कुलुपात ठेवलेला हात तिच्या काय कामाचा?” वच्छला थबकली. “सुटला तं सुटला. तिचाच आहे.”

ती पाऊल पाऊल करत तिन्ही खोल्या ओलांडून बाहेर आली. दाराच्या उजव्या अंगाला तिने तिवई ठेवली आणि तबक भिंतीला टेकवून उभे केले, बोटे वर, जसे ते घराच्या भिंतीवर होते तसे. मातीचा एक कण सुटला, तिवईवर पडला. दुसरा कण सुटला नाही. आचल आपल्या छायाचित्रांच्या डब्याजवळ उभी होती. तिला थांबवावेसे वाटले असेल, पण तिने थांबवले नाही.

वच्छलेने घरून वाटीत हळद कालवून आणली आणि तबकाशेजारी ठेवली.

“कुत्रं येऊन उलथवील,” भैयाजी पुटपुटले. काठी टेकत ते निघून गेले. थोड्या वेळाने परतले ते पाण्याने भरलेला तांब्या घेऊन. तो त्यांनी पायरीवर ठेवला. उन्हातून आलेल्या लेकीच्या पायांवर पाणी घालायची रीत असते. मान वर न करता म्हणाले, “तुही माय असती तं तिनंच ठेवला असता.”

त्या संध्याकाळी वच्छलेने कुलूप लावले नाही. दार सताड उघडे ठेवले. उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, “बाई हो, निजा आता.” मग धरणाकडे तोंड केले आणि आईच्या सुरात हाक घातली. आई जिवंत असताना जी घालू शकली नव्हती ती. “ये.”

सकाळी तिच्याआधी आचल येऊन तबकापुढे उभी होती.

तांब्या रिता होता. पायरी कोरडी होती. वाटीतल्या हळदीला बोटे बुडवल्याचा खळगा होता. आणि तबकातली माती, कालची ती पाझरणारी माती, छपरावरच्या भाजलेल्या कवेलूसारखी कोरडी आणि घट्ट. जमुनेच्या चारही बोटांना दुहेरी कड होती. पाचवे बोटही होते. करंगळीच्या खड्ड्यात, खोल, नव्या हळदीची करंगळी उठली होती.

आचलने आपले जुने छायाचित्र काढले, ठशाशेजारी धरले, पुष्कळ वेळ पाहिले. मग हळूच विचारले, “ताई, हे तुम्ही केलंत?”

वच्छलेने आपला तळवा ठशासमोर धरला, न शिवता. तो मोठा होता, कामाने रुंदावलेला. ठशातला दुसरा हात लग्नाच्या वयाच्या पोरीचा, निमुळता, पहिल्या हाताएवढाच. आचलने पाहिले आणि पुन्हा विचारले नाही. एवढेच म्हणाली, “नवीन फोटो काढून घेऊ?”

“घे. दोन्ही ठेव. कालचाबी ठेव.”

कोणत्या गावी, कोणत्या छपराखाली, कुणाच्या मांडीवर जमुनेचा जीव गेला, ते वच्छलेला कळले नाही आणि कधी कळणारही नाही. पण गेलेली लेक कुठे गेली ते कळले. जीव शेवटी कुठे जातो याचे मोठमोठे वाद आहेत. वच्छलेपुरता तो वाद मिटला. जीव माहेरी जातो. दार उघडे असेल तर आतही जातो.

तिने तबक जागेवर नेऊन ठेवले. हातमोजे चढवले. द्रावणाचा पहिला हात तिने स्वतः दिला, मनगटापासून वर, केस विंचरावेत तसा. माती चकाकली आणि कायमची मिटली. मग तिने पत्रक काढले. उमरावच्या ‘झाली नाही’ या शब्दांवर काट मारली नाही, दप्तरात खाडाखोड चालत नाही. त्याखाली तिने कालची तिथी लिहिली आणि एकच शब्द: झाली.

संध्याकाळी ती नेहमीसारखी तिसऱ्या खोलीच्या दारात उभी राहिली. “बाई हो,” ती म्हणाली आणि थांबली. रोजच्यापेक्षा खोली भरल्यासारखी वाटत होती, लग्नघरात निजानीज होण्याआधी वाटते तशी. हळदीचा वास होता. ओला, ताजा.

“निजा आता,” वच्छला म्हणाली. “तूबी नीज.”

आणि तिने कुलूप लावले.