आजोबांच्या पापण्या

आमच्या कोडोलीत शिल्पकला शिकतो म्हटलं की लोक विचारायचे, "म्हंजे गणपती करणार व्हय?" आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कोल्हापूरच्या कला महाविद्यालयात घातलं तेच मुळी कुरकुरत. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी अट घातली. "माझ्या बाऽचं डोस्कं करून दाव. म्हातारा वळखू आला तर फुडं शीक. न्हाय आला तर गोठ्यात म्हशी हायतच." ही नव्वदच्या दशकातली गोष्ट, आणि आबा थट्टा करणाऱ्यातले नव्हते.

आजोबा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. घरात त्यांचा हार घातलेला एकच फोटो होता. तो समोर ठेवून मी घराच्या पुढच्या सोप्यात शाडूचं डोकं घडवायला बसलो. कपाळ, नाक, मिशा, गालाची हाडं, सगळं अगदी मापात घेतलं. झाल्यावर आई-आबांना बोलावलं. आई पिठाचे हात पुसत आली, "चांगलं हाय की," म्हणाली आणि चुलीकडं परत गेली. आबा मात्र हलेनात.

"हाय माणूसच," ते म्हणाले, "खरं आमचा म्हातारा न्हवं. ह्यो तलाठी वाटतोय कुणीतरी."

माझं टाळकं सणकलं. एवढा घाम गाळला आणि तलाठी? रागारागानं मी फोटो पिशवीत टाकला आणि एसटीनं कोल्हापुरात कॉलेजातल्या सरांचं घर गाठलं. सरांनी आधी चहा पाजला, मग कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात इबेरियन लोकांची शिल्पं होती. रोमन यायच्या आधी स्पेनच्या पूर्वेकडच्या किनारपट्टीला राहणारी ही माणसं. त्यांची अक्षरं आज वाचता येतात, पण अर्थ कुणाला लागत नाही, असं सर म्हणाले. मी मनात म्हटलं, इथं माझा आजा वळखू येईना आणि ह्यांचं काय मधेच स्पेन!

पण एका पानावर एक दगडी बाई होती. दोन्ही कानांवर चाकाएवढे दागिने, ओठ मिटलेले, नाक सरळ. आणि पापण्या जड, किंचित उतरलेल्या. दगडाची असून ती ऐकतेय असं वाटत होतं. मी पुस्तक जवळ ओढलं.

"बघ," सर म्हणाले, "नजर बुबुळात नसते, पापणीत असते." मग त्यांनी आजोबांचा फोटो उजेडात धरला. "तुझ्या आजोबांना तर पापणीच नाही. हे डोळे कुणी ब्रशनं काढलेत का रे?"

घरी येऊन आबांना विचारलं. आबा शांतपणे म्हणाले, "व्हय. फोटो काढताना म्हाताऱ्यानं डोळं मिटलं हुतं. ष्टुडिओवाल्यानं वरनं काढून दिलं."

"मग आधी सांगायचं की!"

"तू इचारलंस कवा?"

कपाळ माझं! गावातल्या निम्म्या घरांत भिंतीवरची माणसं त्याच स्टुडिओवाल्याच्या डोळ्यांनी बघत होती, आणि ते कुणाला खटकतही नव्हतं. मी त्या रंगवलेल्या डोळ्यांनाच आजोबा समजून बसलो होतो.

"त्येचं डोळं सदा अर्धं झाकल्यालं," आबा सांगू लागले. "वाटायचं झोपलाय. आन् आमी हळूच बिडी वडाय निघालो की मागनं हाक याची." एवढं सांगताना ते हसले. आजोबांबद्दल बोलताना त्यांना मी पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

मी पुन्हा मातीला हात घातला. स्पेनची बाई मिशा लावून आमच्या सोप्यात येऊन बसते की काय, ही धास्ती होतीच. म्हणून बाकी काही हलवलं नाही, फक्त पापण्या भरल्या आणि खाली आणल्या. पण त्या उतरल्या आणि गाल सैल वाटायला लागले, तोंडही बदललं. बरोबर की चूक, मला काय कळणार? आबांना शेजारी बसवून मी वरचं ओलं फडकं काढलं. आबा बघत राहिले. गोठ्यातल्या म्हशी मला आतापासूनच दिसायला लागल्या.

तेवढ्यात आई धारेची कासांडी घेऊन गोठ्यातून आली. सोप्यात पाय टाकला आणि थबकली. मोकळ्या हातानं पटकन डोक्यावर पदर ओढला, मान खाली घातली आणि भिंतीच्या कडेकडेनं आत गेली. सासरे सोप्यात बसलेले असले की सून अशीच जाते.

मग आतून आईचा आवाज आला, "अगं बाई, मातीचं हाईत की ते!" आणि ती हसायलाच लागली. हसता हसता रडायला लागली.

सुटलो रे देवा, असं मोठ्यानं म्हणालो बहुतेक. आबांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. मांडी घालून बसलेले ते उठून उभे राहिले, धोतर सारखं केलं, आणि त्या डोक्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "पोराला शिकू द्या म्हणतोय मी. तुमचं काय म्हणणं?"