शीळ ऐकू आली की

सकाळी बाथरूममधून नातीची शीळ ऐकू आली आणि माझा हात मिसळणाच्या डब्यावरच थांबला. शीळ थेट तिच्या आजोबांची. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरात कुणी खुशीत आलं की माझे कान अजून उभे राहतात.

आमच्या यांना बायपोलरचा आजार होता. हे नाव फार पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी मी, पुण्याहून भोपाळला आलेली अतिशहाणी नवी नवरी, स्वतःच निदान करून मोकळी झाले होते. हे कारखान्यातून येऊन भिंतीकडे तोंड करून पडले, आंघोळही नको म्हणाले, की शेजारच्या क्वार्टरमधल्या बायकांची नजर लागली. मी लगेच मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. आणि झोप विसरून, शीळ घालत, साऱ्या कॉलनीला जेवायचं आवतण देऊन आले की? दृष्ट उतरली म्हणून मी पुरण घाटायला बसायची. आजाराला पुरणपोळी वाढणारी बाई अख्ख्या भोपाळात मी एकटीच असेन.

त्या प्रत्येक पंगतीनंतर ते आधीपेक्षा खोल बुडत. आमचा मुलगा, म्हणजे या नातीचा बाप, अजूनही घरात कुणी मोठ्यानं हसलं की आधी त्याचा चेहरा बघतो, मग हसतो.

नात केस पुसत स्वयंपाकघरात आली.

"आजी, पोहे करतेयस की पहारा?"

"पोहेच."

"रात्री मस्त झोपले होते मी. घोरत होते."

"माहीत आहे. ऐकत होते."

तिचा हात थांबला. "म्हणजे तू जागी होतीस?"

मी दाणे परतत राहिले.

"नोकरी लागलीय गं मला. इतकं खुश होणं तो चलता है ना, यार?"

"चलता है, बाई."

तिनं मला खुर्चीवर बसवलं, मुठीत मीठमोहऱ्या घेतल्या आणि माझ्यावरून उतरवू लागली. "आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणींची, आजोबांच्या शिळेची..." गॅसवर मोहऱ्या तडतडल्या. दोघी खोकेपर्यंत हसलो.

मग ती शीळ घालत तयार व्हायला खोलीत गेली. मी मुद्दाम पोह्यांत लक्ष घातलं. थोड्या वेळानं शीळ थांबली. दार लोटलेलं, आत काही हालचाल नाही.

पोहे तयार होते. मी झाकण हातात धरून उभी राहिले. हाक मारायची नाही, एवढंच ठरवून.