सिंधूबाईचं पिंप

सिंधूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिपरी मेघेच्या घरी कांद्याच्या फोडींवर तिच्याच हातचा सिरका ओतत होते. पुतण्या म्हणाला, "काकू, आई गेली..." आणि पाठोपाठ, "पिंप भरलेलं हाये. त्याचं काय करू?" मला राग यायला हवा होता. पण सिंधूबाईनंही आधी पिंपाचंच विचारलं असतं.

सिंधूबाई माझी थोरली जाऊ. अल्लीपूरच्या शेतात मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि त्या मधाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, ती तोटी बसवलेल्या स्टीलच्या पिंपात करायची. मधाचं पाणी आधी फसफसतं, दारूसारखा वास मारतं, आंबट व्हायला पुढे कितीतरी आठवडे जातात. आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात ते मधले दिवस म्हणजे तिच्या अब्रूचा प्रश्न. म्हणून पिंप रिकामं झालं की असं धुवायचं, की आत काय होतं ते कळूच नये.

मी नवी सून, मॅट्रिक झालेली, नाक ढगात. पहिल्यांदा पिंप हातात दिलं तर राखेनं बाहेरून इतकं घासलं, की त्यातच बघून टिकली सरळ केली. सिंधूबाईनं पान्ह्यानं तोटी खोलली, आतून साचलेल्या सिरक्याची एक बुळबुळीत तार ओढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "शैले, तोंड पाहून झालं? आता तोटीत पाह्य. काऊन वं, लोकं काय भांडं बाहेरून चाटतेत?" मी दिवसभर रुसले. जेवले मात्र दोनदा.

मग शिकले. साबण नाही, नुसतं कढत पाणी. तोटीचं रबर काढून उकळायचं, नळीतून ब्रश आरपार, पिंप उन्हात पालथं, आणि पुरतं कोरडं झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. शेवटी ती आत डोकं घालून हुंगायची. "काईच वास नाई आला, का समज धुतलं."

एकदा कुणीतरी चुगली केली आणि पोलीस शिपाई दारात. सासरे घामाघूम, मी आत देवाला नारळ कबूल करत बसलेली. सिंधूबाईनं धुतलेलं पिंप पुढे सरकवलं. "घाला मुंडकं साहेब, हुंगा." त्यानं टोपी काढली, डोकं घातलं. आतून घुमत आवाज आला, "काईच नाई, बाई." मग तिनं त्याला कपभर तयार सिरका पाजला. डोळे पुसत तो म्हणाला, "याच्यापरीस दारू बरी!" गावात हे वाक्य वर्षानुवर्षं फिरलं, आणि त्याच्यासोबत सिंधूबाईचं चांगलं नाव.

तेरवीनंतर मी अल्लीपूरला गेले. पुतण्या म्हणाला, "काकू, तूच सांग. ठेवू, का भंगारात देऊ? मले हे जमत नाई." मी सिरका बाटल्यांत काढला, विरजणापुरता मागे ठेवला. तोटी खोलली, रबर उकळलं, पिंप अंगणात पालथं घातलं. उन्हं कलल्यावर गुडघे धरत वाकले आणि डोकं आत घातलं... मधाचा वास नाही, सिरक्याचा नाही, तिच्या हाताचाही नाही. इतकं लख्ख धुवायला तिनंच शिकवलं होतं. जन्मात पहिल्यांदा वाटलं, कुठंतरी थोडं धुवायचं राहिलं असतं तर बरं झालं असतं.

"काकू, काय वास येते?" पुतण्यानं बाहेरून विचारलं.

मी आतूनच म्हणाले, "काईच नाई रे. मध आण."