वरच्या वस्तीचा नळ

गावात तिला सगळे गवंडीणबाई म्हणत, आणि सुरुवातीला चेष्टेनेच म्हणत. बरीच वर्षं तिने डोक्यावर घमेली वाहिली. मग एकदा थापी हातात घेतली ती घेतलीच. सासूने कपाळावर हात मारला. "बाईने भिंती बांधायच्या, मग बाप्यांनी काय चुली फुंकायच्या? माझ्या घराला तुझी थापी लागता कामा नये!"

पुढे गावाने एकत्र बसून ठरवलं, की पाणी, दवाखाना, बालवाडी यांसाठी वेगवेगळं रडत बसायचं नाही. सगळं एकदम उभं करायचं. टेकडीवरची टाकी गवंडीणबाईनेच बांधली. दवाखाना वरच्या वस्तीत झाला, त्याच्या भिंतीही तिच्याच हातच्या. नर्सबाई मात्र आल्या आल्या म्हणाल्या, "पाण्याशिवाय मी बाळंतपणं करणार नाही. नळ आला तर राहते, नाहीतर आजच्याच गाडीने परत." आणि गवंडीणबाईच्या लेकीचे दिवस तर भरत आलेले!

टाकीची चावी फिरवली आणि खालच्या आळीत एकच गलका झाला. आलं, आलं, पाणी आलं! आपल्या दारचं पाणी डोळ्यांनी बघायचं म्हणून प्रत्येकाने नळ पुरता सोडला. हंडे भरले, बादल्या भरल्या, दुकानदाराने तर कपड्यांसकट अंघोळ उरकली. अशा दिवशी शहाणपण सुचणार तरी कुणाला? वर दवाखान्यातला नळ मात्र नुसता गुरगुरला आणि गप्प झाला. नर्सबाईंनी बॅग उचलली.

गवंडीणबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खाली सगळे नळ एकदम उघडे, मग वर चढायला पाण्यात जोर उरणार कुठून? ती धावत सुटली. "नळ बंद करा! थोडा वेळ बंद करा!"

"इतक्या वर्षांनी आलंय आणि बंद करू?" दुकानदार डोक्यावर तांब्या ओतत हसला. बाकीचेही हसले. तिला रडूच फुटायचं राहिलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या दारातून काठीचा आवाज आला. सासूने स्वतःचा नळ करकचून बंद केला होता. "टाकी कुणी बांधली रे? माझ्या सुनेने! मग नळातलं तुला जास्त कळतं का तिला? कर बंद!" म्हातारीपुढे तोंड उघडायची कुणाची छाती? म्हातारी काठी टेकत, ओरडत पुढे निघाली आणि दारोदार नळ बंद होत गेले. गवंडीणबाई जागच्या जागी उभी राहिली. 'माझी सून' हे शब्द या सुरात तिने कधी ऐकलेच नव्हते.

मग ती वर दवाखान्याकडे पळाली. नर्सबाई फाटकाशी पोचल्या होत्या. नळ खोकला, गढूळ थुंकला आणि धो धो वाहू लागला! नर्सबाईंनी बॅग ठेवली, बाह्या सारल्या आणि हात धुतले.

सासू धापा टाकत आली. ओंजळभर पाणी प्यायली, दवाखान्याच्या भिंतीवरून हात फिरवला.

"बरी आहे," ती म्हणाली. "आपल्या घरचा ओटा खचलाय. उद्या थापी घेऊन ये."