दाजींचा घुमारा

आमचे दाजी लाउडस्पीकर भाड्याने देत. सभा कुणाचीही असो, आधी "हॅलो, चेक" यांचंच, म्हणून सगळे त्यांना हॅलोचेक म्हणत. वक्ता उभा राहिला की हे मशीनचं एक बटण फिरवून त्याच्या आवाजाला घुमारा देत. "घुमारा दिला की गाढवाचंही प्रवचन होतं," असं त्यांनीच मला सांगितलं होतं. जन्मात खरं बोलले ते तेवढंच.

पुढे स्पीकर धूळ खात पडले आणि दाजींनी मोबाइलवर चॅनल काढलं. अंगात पांढरा कोट, मागे कधी न उघडलेली जाड पुस्तकं आणि आवाजाला तोच घुमारा. दहावीला शास्त्रात आपटलेला माणूस रक्तदाबावर बोलू लागला. गोळ्या म्हणजे विष, फेकून द्या, कडू पाल्याचा काढा प्या. खाली हजारो लोक हात जोडायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि लोकांना तर खळखळाटच हवा होता. मला दोघांचीही किळस यायची.

माझ्या ताईनं, म्हणजे यांच्या बायकोनं, घरात यांचा शब्द कधी मानला नाही. "समोर दूध उतू गेलेलं कळत नाही, आणि मला शिकवतात," म्हणायची.

ती ताई एका दुपारी ओट्यापाशी कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्तदाबाच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"महिना झाला," ताई जड जिभेनं म्हणाली.

दाजींना दरदरून घाम फुटला. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या तसं त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि एक गोळी पाण्याशिवायच गिळली. मी पाकीट पाहिलं. रक्तदाबाच्याच गोळ्या होत्या.

"दाजी, विष खाताय?"

"अरे, ते लोकांसाठी असतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हिनं माझं कधी ऐकलंय? मला काय माहीत, हेच ऐकेल म्हणून."

ताई हे सगळं बघत होती. तिनं डाव्या हातानं माझी बाही ओढली.

"घरात बोलले असते, तर नसतंच ऐकलं," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "मोबाइलवर आवाज... मोठ्या माणसाचा वाटला रे."

दाजींनी पाकीट परत खिशात ठेवलं.